गेटपासून शेवटच्या बाकापर्यंत

स्मरणिकेसाठी त्याच्यावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप घेऊन आलेली बाई म्हणाली, "चार चांगले शब्द लिहा, काका. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांतले तुम्हीच उरलात." चांगले शब्द मी शोकसभेत बोललो. त्यातले निम्मे खोटे होते. आणि इतरांनी तिथे सांगितलेली एक गोष्ट तर पूर्ण खोटी होती. ती मीच पसरवलेली. त्यामुळे आता जे लिहितो आहे ते चांगलं होईल असं वाटत नाही. छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ती गोष्ट अशी. वसईतल्या आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा एक विक्षिप्त माणूस होता. ज्यांचं कॉलेज अर्ध्यावर राहिलं अशा मोठ्या माणसांना गोळा करून तो पुन्हा परीक्षेला बसवायचा. पण स्वतःच्या नियमाला इतका चिकटलेला, की कॉलेजच्या उपप्राचार्याच्या बायकोलाही त्याने परत पाठवलं. बिचारीची पदवी राहिली ती त्याच्या हट्टापायी. उपप्राचार्य मी, बायको माझी. शोकसभेत कोणीतरी हे रंगवून सांगितलं, लोक हसले आणि माझ्याकडे वळून पुन्हा हसले. मीही मान हलवली.

आम्ही दोघं एकाच जूनमध्ये नोकरीला लागलो. मी वाडवळ समाजातला, घरची केळीची वाडी. तो खाडीकाठचा, घरची भातशेती आणि बापाने जन्मभर मिठागरावर काम केलेलं. त्याच्या बोलण्यातला गाव कधी गेला नाही. 'पानी', 'कोन', 'आनलं'. स्टाफरूममध्ये लोक गालात हसायचे. मी एकदा मित्र म्हणून सुचवलं, वर्गात तरी जरा जपून बोल. तो म्हणाला, "तुझं शुद्ध बोलनं तुझ्याकडं ठेव. माझ्या पोरांना भाव का चढतात ते कळतं. तुझ्या पोरांना काय कळतं?" मी मराठी शिकवायचो, हे त्याला माहीत होतं.

उंच, पाठीत थोडा वाकलेला, बारा महिने पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. शर्टाच्या खिशात सुकेळी. आमच्याकडची राजेळी केळी उन्हात वाळवून करतात ती. त्याचा कोणी विद्यार्थी पास झाला की पेढा नाही, शाबासकी नाही, खिशातून एक सुकेळी काढून हातावर ठेवायची. ती आमच्याच वाडीतली असायची. माझी बायको करायची, आणि तो घरी आला की बांधून द्यायची. तो तिला वहिनी म्हणायचा.

त्याच्याबरोबर कुठे जाणं ही शिक्षा होती. नालासोपारा स्टेशनबाहेरचे रिक्षावाले त्याला पाहून मान फिरवायचे. कारण तो रिक्षात बसला की भाडं विचारायच्या आधी विचारायचा, "कितवी झालीय?" एखादा चुकून "एफ.वाय. केलंय, सर," म्हणाला की संपलं.

"मग कोनी थांबवलं?"

"कोणी नाही हो. परिस्थिती."

"परिस्थिती कुठं राहते? आचोळ्याला का तुळिंजला? पत्ता दे, मी जाऊन भेटतो."

"पाठीमागे हॉर्न मारतायत, सर."

"मारू देत. नाव सांग."

का सोडलंस, असं त्याने कोणाला कधी विचारलं नाही. माणूस आपण होऊन शिक्षण सोडतो यावर त्याचा विश्वासच नव्हता. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी एक माणूस उभा असतो, त्याला नाव असतं, घर असतं, आणि बहुतेक वेळा तो जेवायला शेजारीच बसलेला असतो, असं त्याचं म्हणणं. लग्नांनाही तो जायचा नाही. पत्रिका द्यायला आलेल्या बापाला विचारायचा, "पोरीचं टी.वाय. झालं का?" नाही म्हटलं की पत्रिका त्याच्या हातात परत. अशा माणसाला मित्र किती उरणार? मी उरलो होतो. त्याचं मला तेव्हा कौतुक वाटायचं, माझं स्वतःचं.

रविवारचा वर्ग त्याने कॉलेजच्या तळमजल्यावरच्या एका खोलीत सुरू केला. जुन्या मार्कशीटा शोधणं, बदललेला अभ्यासक्रम, वर्षानुवर्षं नापास राहिलेले विषय, म्हणजे केट्या, हे सगळं तो विद्यापीठात खेपा घालून निस्तरायचा आणि माणसाला बहिःस्थ म्हणून परीक्षेला बसवायचा. शिकवायचा फुकट. अट एकच. ज्यानं थांबवलं त्यानंच आनायचं. पहिल्या रविवारी त्या माणसाने शिकणाऱ्याची पिशवी कॉलेजच्या गेटपासून वर्गापर्यंत उचलून आणायची आणि वर्ग सुटेपर्यंत शेवटच्या बाकावर बसायचं. एकदाच. पुढच्या रविवारी आला नाही तरी चालेल. नवरा असो, बाप असो, भाऊ असो. हजेरी तो त्या दिवशी पुढच्या बाकांची घ्यायचा नाही, शेवटच्या बाकाची घ्यायचा.

मी त्याला म्हटलं होतं, "माफी मागायला लाव की त्यापेक्षा. निदान समजेल तरी लोकांना."

"माफी नको," तो म्हणाला. "माफी मागून लोक मोकळे होतात. पिशवी उचलायची."

तुळिंजची एक सून होती. बी.कॉम.चं दुसरं वर्ष झालं आणि सासूने बसवली घरी. ती पहिल्या रविवारी सासूला घेऊन आली तेव्हा मी तिथे होतो. म्हातारी गेटवरच अडली.

"मी काय हमाल हाय हिची?"

"मावशी, एवढी वर्षं तिनं तुमच्या घरचं पानी भरलं," तो म्हणाला. "एक पिशवी न्या."

"जड हाय."

"दोनच वह्या आहेत, आई," सून म्हणाली.

"तरी जड हाय."

तो तसाच उन्हात उभा राहिला. वर्गातले लोक खिडकीत जमले. शेवटी म्हातारीने पिशवी घेतली, ओलं फडकं धरावं तशी अंगापासून लांब धरून नेली आणि शेवटच्या बाकावर बसल्या बसल्या झोपली. वर्ग सुटल्यावर सुनेला म्हणाली, "तो मास्तर काय बोलला त्यातलं मला एक अक्षर कळलं नाय. तुला कळलं?"

"कळलं."

"मग पुढच्या टायमाला मी येत नाय. तू जा."

ती सून पास झाली, पुढेही शिकली. निरोप घेऊन आली होती ती हीच.

थांबवणारा मेला असेल तर? यावरही त्याच्याकडे उत्तर होतं. एका रिक्षावाल्याने बापाचा हार घातलेला फोटो रिक्षाच्या मागच्या सीटवर ठेवून आणला. फोटो शेवटच्या बाकावर ठेवला गेला आणि त्याची हजेरी लागली. दुसरा एकजण म्हणाला, मला कोणी नाही थांबवलं सर, मीच दारूत बुडालो. त्याला त्याने वर्गातून पिशवी घेऊन गेटपर्यंत जायला आणि पुन्हा आत यायला लावलं. लोक हसले. तो माणूस आत येताना हसत नव्हता.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. शोकसभेत असंच ऐकलं गेलं. पण वर्गाला यायला निघालेल्या चंदनसारच्या एका मुलीबद्दल तिथे कोणी बोललं नाही. तिच्या नवऱ्याला नियम कळला तेव्हा त्याने तिची पुस्तकं कपाटात बंद केली आणि तिचं बाहेर जाणंच बंद केलं. माझा हा मित्र तिच्या बिल्डिंगमध्ये गेला, तिथून ढकलाढकली होऊन जिन्यात पडला, आणि कोपराला फडकं बांधून माझ्यासमोर येऊन बसला.

"पन त्याला कळलं तरी," म्हणाला. "आता तो परिस्थिती नाय म्हननार."

"आणि तिचं काय?" मी विचारलं.

तो कोपर चोळत राहिला.  मला त्याचा राग आला तो तेव्हा खरा होता. पुढे मी तोच राग वापरला.

आता माझ्या बायकोचं.

आमचं लग्न झालं तेव्हा ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा चालू असताना एका सकाळी माझी आई विहिरीच्या काठावर घसरून पडली. मी स्कूटर काढली आणि परीक्षा केंद्रावर गेलो. ती गेटशी उभी राहून वही चाळत होती. म्हटलं, आई पडली, चल. ती म्हणाली, "हा आणि उद्याचा, दोनच पेपर राहिलेत हो." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी दे." आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन स्कूटरच्या हुकाला लावली. ती मागे बसली. आईचा पाय गणपतीपर्यंत बरा झाला. पुढचं वर्ष आलं तेव्हा तिने विषय काढला, मी म्हटलं, "घरात एक डिग्री पुरते." हा माझा विनोद होता. पाहुण्यांपुढेही मी तो सांगायचो. तीही हसायची.

पन्नाशी उलटल्यावर एका रविवारी ती तुळिंजच्या बाजारात जाते म्हणून सांगून त्याच्या वर्गावर गेली. मला दोन दिवसांनी कळलं, तिच्याचकडून. अंगणात बांबूच्या माचीवर केळी वाळत घातली होती, ती एकेक उलटी करत होती.

"अहो, येत्या रविवारी सकाळी मोकळे आहात का?"

"का?"

"कॉलेजात यायचंय माझ्याबरोबर. नुसतं बसायचंय."

मला लगेच कळलं. "त्याने सांगितलं वाटतं?"

"त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं."

"माझं?"

"मग कोणाचं सांगू? सासूबाईंचं? त्या तर पडल्या होत्या."

"मी तिथला उपप्राचार्य आहे. शिपाई बघतील."

"रविवारी शिपाई नसतात."

"वॉचमन असतो."

"त्याला सांगते मी, जरा पलीकडे बघ म्हणून."

हे म्हणताना ती हसत होती. मी हसलो नाही. केळी उलटून झाली, तिने हात पुसले आणि आत गेली. विषय तिने पुन्हा काढला नाही.

दुसऱ्याच दिवशी मी त्याला केबिनमध्ये बोलावलं. मी उपप्राचार्य झाल्यापासून तो मला साहेब म्हणायचा. त्यात आदर नव्हता.

"साहेब, पिशवी हलकी हाय," तो बसायच्या आधीच म्हणाला. "मी बघितलीय."

"तुझ्या तमाशात माझ्या घराला ओढू नकोस."

"मी नाय ओढलं. ती आपल्या पायानं आली. तू तेवढा तुझ्या पायानं ये."

"तिला तशीच घे. एवढं ओळखीचं माणूस, नियम कसला?"

"आन तुळिंजच्या म्हातारीला काय सांगू? साहेबाला सूट हाय?"

म्हातारीने जे केलं ते मला जमणार नव्हतं. एवढंच साधं होतं ते. पण तेव्हा मला ते असं दिसलं नाही. मला दिसला माझ्या केबिनमध्ये उभा राहून मला शहाणपण शिकवणारा एक माणूस, ज्याला बढती कधी मिळाली नाही. त्या आठवड्यात मी वर अहवाल दिला. रविवारच्या वर्गात कुटुंबीयांचा चारचौघांत अपमान होतो, त्यामुळे संसारात कलह होतात, कॉलेजचं नाव खराब होतं. उदाहरण म्हणून चंदनसारच्या मुलीची हकीकत लिहिली. अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर खोली बंद झाली.

त्याने वर्ग आचोळ्याला नेला, एका पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर. वसईच्या बाजूचे निम्मे लोक तिकडे गेलेच नाहीत. त्यांचं शिक्षण दुसऱ्यांदा थांबलं, आणि या खेपेला कोणी थांबवलं हे त्यांना कळलंही नाही.

पुढे लोक विचारायचे, वहिनी परीक्षा देणार होत्या ना, काय झालं? मी सांगायचो, "काय होणार? त्या वेड्याने दारातून परत पाठवली. नियम म्हणे." ऐकणारा हळहळायचा. ती बाजूला असली तर चहा आणायला आत जायची. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की मला ती खरी वाटायला लागली, आणि त्याच्याबद्दलचा राग तर मी अगदी मनापासून केला. एकाच गावात राहून आम्ही बोलेनासे झालो. तो आमच्या घरी यायचा बंद झाला. तरीही कधी रस्त्यात दिसला की त्याच्या शर्टाच्या खिशात सुकेळी असायची. ती त्याला कुठून मिळते, हे मी घरात कधी विचारलं नाही.

काही वर्षांपूर्वी बायको गेली. दहाव्याला तो आला होता. अंगणात, माचीजवळ उभा राहिला. मी ओटीवर बसलो होतो. तो आत आला नाही आणि मी बाहेर गेलो नाही. थोड्या वेळाने बघितलं तर नव्हता.

शोकसभा संपल्यावर लोक चहाला वळले तेव्हा तुळिंजची सून माझ्याजवळ आली. तिचेही केस आता पिकलेत. गिरणीवरचा वर्ग तीच चालवते.

"काका, ते बोलले ते तुम्ही बोलू कसं दिलंत?"

"काय?"

"सरांनी काकींना परत पाठवलं ते."

"मग काय खोटं आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं असावं की मला खरंच माहीत नाही.

"आचोळ्याला पहिला वर्ग भरला, त्याच्या आदल्या दिवशी सर मला घेऊन तुमच्या घरी आले होते," ती म्हणाली. "तुम्ही कॉलेजात होतात. सर काकींना म्हणाले, वहिनी, खड्ड्यात गेला नियम. उद्या या. पिशवी मी उचलतो."

"मग?"

"काकी नको म्हणाल्या."

"का?"

"म्हणाल्या, भाऊ, तुम्ही उचललीत तर ह्यांची राहून जाईल. ते येतील. मी थांबते." मग म्हणाली, "सर दर जूनला विचारायला यायचे. तुम्ही नसताना. त्या दर वेळी तेच सांगायच्या, आणि सुकेळी बांधून द्यायच्या. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

जन्मभर एकच नियम पाळणाऱ्या माणसाने तो एकदा मोडायची तयारी दाखवली, ती माझ्या बायकोसाठी. आणि तिने तो मोडू दिला नाही, ते माझ्यासाठी. मी मात्र गावभर सांगत होतो की त्याने तिला परत पाठवलं. हे त्याच्या कानावर गेलं नसेल असं शक्य नाही. त्याने कधीच ते खोडून काढलं नाही. खोडलं असतं तर मला खरं कळलं असतं आणि मी लाजेने का होईना गेलो असतो, असं एकदा वाटतं. मग वाटतं, नसतो गेलो. त्यालाही तसंच वाटलं असावं. याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

घरी आलो. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक निळ्या काठाची कापडी पिशवी अडकवलेली आहे. ती तिथे कित्येक वर्षं आहे. एकदा बाजारात जायच्या घाईत मी तीच ओढून घेतली होती. आत दोन कोऱ्या वह्या आणि पेन होतं. ते ओट्यावर काढून ठेवलं आणि पिशवीतून बोंबील घेऊन आलो. बायकोने बोंबील काढून घेतले, पिशवी साबणाने धुतली, दोरीवर वाळवली, वह्या आणि पेन पुन्हा आत ठेवलं आणि खिळ्याला अडकवली. तिला माशांचा वास आवडत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

गेल्या रविवारी मी ती घेऊन आचोळ्याला गेलो. गिरणीच्या बाजूने लोखंडी जिना आहे. जिन्याच्या तोंडाशी तुळिंजची सून उभी होती, येणाऱ्या नव्या माणसांना ती तिथेच थांबवते. मला पाहून तिने सवयीने विचारलं, "कोणाला घेऊन आलात, काका?" मग तिचं लक्ष पिशवीकडे गेलं आणि ती बाजूला झाली.

थांबवणारा मेला असेल तर फोटो चालायचा. थांबलेलीच गेली असेल तर काय, याचा नियम त्याने केला नव्हता. मी वर गेलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. तिथे माझ्या वयाचा एक माणूस आधीच बसला होता, हात गुडघ्यांवर ठेवून, दवाखान्यात बसतात तसा.

"ती तिसऱ्या बाकावर, माझी पोरगी," तो हळूच म्हणाला. "भावाच्या शिक्षनासाठी घरी बसवली होती. तुमचं कोन?"

"बायको."

त्याने पुढच्या बाकांवरून नजर फिरवली. "कुठली?"

"परीक्षेच्या दिवशी मी तिला गेटवरून घरी घेऊन गेलो होतो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. त्या बाकावर बसलेल्याला असल्या गोष्टीचं नवल वाटत नाही.

"मग आना की आता," तो म्हणाला. "इथं वय नाय बघत."

खाली गिरणी सुरू झाली. वर्ग सुटेपर्यंत मी पिशवी मांडीवर धरून बसलो. नियम तेवढाच होता.